हो की नाही? काढा एक पत्ता!

छोट्या प्रश्नांवर झटपट उत्तर देणारं टॅरोचं एक कार्ड सध्या अनेकांच्या मोबाइलमध्ये आहे. पण ‘पाऊस पडेल का?’ असं नंदीबैलाला विचारत मोठ्या झालेल्या वाशीमकरांना हा फंडा तसा नवा नाही. कोणता प्रश्न पत्त्याला विचारायचा आणि कोणता अजिबात नाही, याचा हा हिशेब.

बॉसकडे सुट्टी आज मागू की सोमवारी? त्याच्या मेसेजला आत्ताच रिप्लाय देऊ की जरा ताटकळत ठेवू? जिमची फी वर्षाची भरू की तीन महिन्यांची? शाळेतल्या मैत्रिणीच्या लग्नाला रिसोडला जाऊ की ‘अगं, रिलीज आहे’ म्हणून टाळू?

प्रश्न एवढुसे. पण सकाळच्या चहापासून रात्रीच्या चार्जिंगपर्यंत डोक्यात भुंग्यासारखे फिरत राहतात. मग लंच टाइममध्ये कोणीतरी मोबाइल पुढे करतं. स्क्रीनवर पत्ते पालथे पडलेले. ‘मनात प्रश्न धर आणि एकावर बोट ठेव.’ पत्ता उलटतो. सूर्य, तोही सरळ. उत्तर हो! सगळा मामला अर्ध्या मिनिटात खल्लास.

टॅरो म्हटलं की मेणबत्त्या, जांभळा टेबलक्लॉथ आणि तासाभराचं सेशन, असं चित्र काही वर्षांपूर्वीपर्यंत डोळ्यांपुढे यायचं. आता एका कार्डावर काम भागतं. त्यासाठी बांद्र्याला किंवा कोरेगाव पार्कलाच असायला हवं असंही नाही. नेट असलं की कारंज्यात, मंगरुळपीरला किंवा मालेगावच्या बसस्टँडवर गाडीची वाट बघत बसल्या बसल्याही पत्ता निघतो.

हे असतं तरी काय?

टॅरोच्या गठ्ठ्यात ७८ पत्ते असतात. त्यातले २२ मोठे मानकरी. मूर्ख, जादूगार, प्रेमी, मृत्यू, मनोरा, चंद्र, सूर्य असे. उरलेले ५६ आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे चार रंगांत वाटलेले: पेले, तलवारी, दंड आणि नाणी. फक्त प्रत्येक रंगात गुलामाच्या जोडीला एक घोडेस्वार जास्त. म्हणून तेराऐवजी चौदा.

हो-नाहीचं तंत्र तर त्याहून सोपं. प्रश्न मनात आणायचा, पत्ते पिसायचे, एक काढायचा. चित्र सरळ आलं तर हो, उलटं आलं तर नाही. काही जण उलट-सुलट मानतच नाहीत. ते पत्त्याचा स्वभाव बघतात. सूर्य म्हणजे हो, कोसळणारा मनोरा म्हणजे नाही आणि उलटा टांगलेला माणूस म्हणजे ‘थांब जरा’. आणखी काही जण तीन पत्ते काढून बहुमत घेतात. म्हणजे एकाच पत्त्याला एका पद्धतीत हो आणि दुसऱ्या पद्धतीत नाही! हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे.

आता या पत्त्यांची कुंडली. टॅरो ना इजिप्तच्या पिरॅमिडमधून आला, ना हिमालयातल्या गुहेतून. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत लोक या पत्त्यांनी चक्क डाव मांडायचे. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत रमी रंगते ना, तसा. त्यात गूढ अर्थ भरला गेला तो तीनशे वर्षांनी. कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी १७८१ मध्ये लिहिलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं ज्ञान आहे. पुरावा शून्य. पण कल्पना अशी भन्नाट की ती आजपर्यंत टिकली. आज ॲपवर दिसणारी चित्रं बहुतेक वेळा १९०९ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या ‘रायडर-वेट’ संचावरून घेतलेली असतात. आर्थर एडवर्ड वेट यांनी तो संच योजला आणि चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने. गंमत बघा, संचाच्या नावात प्रकाशक आहे, योजणारा आहे, पण जिच्या चित्रांमुळे तो गाजला तिचं नावच नाही. ऑफिसात प्रेझेंटेशन कोण बनवतं आणि नाव कोणाचं होतं, हे अनुभवलेल्यांना वेगळं सांगायला नको.

तिच्या चित्रांतलं एक तुमच्या-आमच्यासाठीच काढल्यासारखं आहे. ‘टू ऑफ स्वोर्ड्स’. दगडी आसनावर एक बाई बसली आहे. डोळ्यांवर पट्टी, छातीवर हातांची फुली आणि दोन्ही हातांत एक-एक लांब तलवार. मागे पाणी, वर चंद्रकोर. ना ही तलवार टाकवत, ना ती. महिनाअखेरीला दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर हातात घेऊन बसलेला माणूस नेमका असाच दिसतो.

आपला गावठी टॅरो

पण एक प्रश्न विचारायचा आणि गठ्ठ्यातून एक पत्ता काढायचा, हे आपण पहिल्यांदा पाहिलं ते मोबाइलवर नव्हे. जत्रेत किंवा बसस्टँडबाहेरच्या झाडाखाली एक माणूस पिंजरा घेऊन बसायचा. समोर पाकिटांची ओळ. पिंजऱ्याचं दार उघडलं की पोपट डुलत डुलत बाहेर यायचा, चोचीने एक पाकीट ओढायचा, दाणा खायचा आणि परत आत. पाकिटातल्या कार्डावर तुमचं नशीब. हा आपला वन-कार्ड ड्रॉच की! फरक इतकाच की इथे पत्ता काढायला पोपट नोकरीला होता. पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. त्यामुळे त्या बिचाऱ्याची या नोकरीतून सुटका झाली, तर चांगलंच म्हणायचं.

पहाटेच्या अंधारात कंदील आणि कुडमुडं घेऊन येणारा पिंगळा आठवतो? पिंगळा म्हणजे छोटं घुबड. त्या पक्ष्याची भाषा आपल्याला कळते असं सांगत तो दारात उभा राहायचा आणि घराचं भविष्य बोलून जायचा. डोळे चोळत उठलेल्या पोरांची तिथेच टरकायची.

आणि सगळ्यांत लाडका नंदीबैल. अंगावर रंगीत झूल, गळ्यात घुंगुरमाळा, सोबत ढोलाचा गुबुगुबु आवाज. मालक विचारणार, पाऊस पडेल का? नंदी मान हलवणार. पोरगं पास होईल का? पुन्हा मान. सूनबाईला मुलगा होईल का? परत मान! मंगेश पाडगावकरांच्या बालगीतातल्या पोराला शाळेची सुट्टी हवी होती, तर त्यानेही पावसाचा प्रश्न भोलानाथालाच विचारला.

बैल ढोलाच्या आणि दोरीच्या इशाऱ्यावर मान हलवतो, हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं? सगळ्यांना होतं. म्हणून तर ‘नंदीबैलासारखी मान डोलावणे’ हा वाक्प्रचार मराठीत रुजला. मीटिंगमध्ये बॉसच्या प्रत्येक वाक्याला ‘येस सर’ करणाऱ्याला आपण नंदीबैल म्हणतो, सल्लागार म्हणत नाही. ज्यांनी बैलाला प्रश्न विचारले, सूपभर धान्य घातलं, पोरांना खांद्यावर बसवून तो दाखवला, त्याच लोकांनी हा शब्दही घडवला. मजा घ्यायची, दक्षिणा द्यायची, पण निर्णय बैलावर सोडायचा नाही. याला म्हणतात शहाणपण!

कौल कोणाचा?

तिकडे कोकणात आणि गोव्यात हाच प्रकार देवळात चालतो, आणि तोही पूर्ण गांभीर्याने. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायचं, मूर्तीला फुलं, पाकळ्या किंवा तांदूळ लावायचे आणि बघत राहायचं. सर्वसाधारणपणे उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. हा कौल. नवीन घर, लग्न, भावकीतला वाद, मुंबईच्या चाकरमान्याची नोकरी, सगळं त्यात येतं.

हा शब्द देवळातून थेट आपल्या पेपरात आला. निवडणुकीत मतदारांचा कौल, क्रिकेटमध्ये नाणेफेकीचा कौल. एका शब्दात देवही आला, जनताही आली आणि छापा-काटाही!

नशिबावर सोडलेला निर्णय कायद्यालाही मान्य आहे बरं का. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रभाग क्रमांक २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना अगदी सारखी मतं पडली. फेरमोजणी होऊनही तिढा सुटेना. शेवटी चिठ्ठी टाकली आणि शहा नगरसेवक झाले. ग्रामपंचायतींच्या निकालात तर अशा ‘ईश्वरचिठ्ठी’च्या बातम्या हमखास असतात. बऱ्याचदा एखाद्या लहान मुलाला पुढे बोलावून त्याच्या हाताने चिठ्ठी काढतात.

इथे एक गोष्ट नीट बघा. चिठ्ठी कधी टाकली? मतं मोजून झाल्यावर. पुन्हा मोजून झाल्यावर. दोन्ही पारडी खरोखर सारखी आहेत हे पक्कं झाल्यावर. मोजायचा कंटाळा आला म्हणून नव्हे!

या हौसेचं वयही थोडंथोडकं नाही. १८९० मध्ये मध्य आशियातल्या कुचा इथे सापडलेल्या ‘बॉवर हस्तलिखिता’त ‘पाशककेवली’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. एक ते चार आकड्यांचा फासा तीनदा टाकायचा. मिळणारे प्रकार ६४, आणि प्रत्येकासाठी ठरलेलं उत्तर. म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वीचं रेडिमेड ॲपच! साधारण त्याच सुमाराला आपलं वाशीम ‘वत्सगुल्म’ नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतं. ‘काय करू?’ हा प्रश्न त्या नगरातही कोणाकोणाला छळत असणारच.

पत्त्याला काय कळतं?

आता मुद्द्याचं. पत्ता बरोबर सांगतो का?

सरळ-उलटं हा हिशेब धरला तर होकाराची शक्यता निम्मी, नकाराची निम्मी. तीन पत्त्यांचं बहुमत घेतलं तरी निम्मीच. पण आपण करतो काय? नाही आलं की म्हणतो, ‘अरे, नीट पिसले नव्हते, परत काढू.’ असे तीन चान्स घेतले, तर निदान एकदा हो मिळण्याची शक्यता आठात सात! म्हणजे तिसऱ्या फेरीत मिळालेला होकार विश्वाने दिलेला नसतो, तुमच्या चिकाटीने दिलेला असतो.

‘पण माझं अगदी तंतोतंत जुळलं!’ जुळणारच. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हातात त्याचं ‘खास’ वर्णन ठेवलं. किती जुळतं ते पाचपैकी गुण देऊन सांगा म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातला बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला! ‘तुम्ही बाहेरून खंबीर आहात पण आतून कधी कधी घाबरता’ हे कोणाला लागू पडत नाही हो?

पत्रिकेचीही अशी परीक्षा आपल्याच राज्यात झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या. काही मुलं अभ्यासात हुशार, काही मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देऊन विचारलं, यातली हुशार मुलाची कोणती ते ओळखा. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर साधारण ५० टक्के निघाली असती. ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००९ मध्ये हे सगळं छापून आलं.

तेव्हा पत्त्याला पुढचं दिसतं, हा दावा इथेच बाजूला ठेवू. तरीही पत्ता काढल्यावर हलकं का वाटतं? त्यालाही कारण आहे. बाझेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की निर्णयासाठी नाणं उडवलेल्या माणसांना ‘अजून थोडी माहिती हवी’ असं कमी वाटतं. नाण्याचं ऐकलं नाही तरी! म्हणजे घोळ थांबतो. कोणता शर्ट घालू या प्रश्नात हा फायदाच फायदा. पण जिथे अजून माहिती मिळवणं गरजेचं आहे, तिथे हाच फायदा गळ्याशी येतो.

दुसरा प्रयोग अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांचा. नोकरी सोडू का, नातं तोडू का, अशा प्रश्नांवर अडकलेल्या लोकांसाठी त्यांनी इंटरनेटवर नाणं उडवायची सोय केली. वीस हजारांहून जास्त वेळा नाणं उडालं. निष्कर्ष २०२१ मध्ये छापले गेले. ज्यांना नाण्याने ‘बदल करा’ सांगितलं, त्यांच्यातल्या जास्त जणांनी खरंच बदल केला. आणि मोठ्या निर्णयांत बदल करणारी मंडळी सहा महिन्यांनी जास्त खूश होती. लगेच राजीनामा टाइप करायला घेऊ नका! हे लोक आधीच काठावर उभे होते, हो आणि नाही दोन्हीकडे वजन जवळपास सारखं होतं. नाण्याला भविष्य कळलं असंही नाही. सवयीने बसल्या जागी चिकटलेल्या माणसाला फक्त एक धक्का मिळाला.

मृगाचा फोन

हे सगळं एसीत बसून वाचायला ठीक. आता जूनमध्ये वाशीमहून येणारा फोन आठवा. तुमच्यापैकी ज्यांचं घर मानोरा, रिसोड किंवा कारंज्याकडे आहे, त्यांना तो पाठ असेल. पहिला पाऊस पडून गेलेला असतो आणि बाबा विचारतात, ‘पेराव का थांबाव?’

प्रश्न हो-नाहीचाच. पण याचं वजन वेगळं. वाशीम जिल्ह्याची शेती बहुतेक पावसावरची आणि खरिपात सोयाबीनचं राज्य. एकरी साधारण ३० किलो बियाणं जमिनीत जातं. नंतर पावसाने दडी मारली की उगवलेलं करपतं आणि दुबार पेरणी. म्हणजे पुन्हा बियाणं, पुन्हा मजुरी, पुन्हा उधारी. तुमच्या जिमच्या फीचा निर्णय चुकला तर काही हजार जातात. हा चुकला तर घराचं वर्ष जातं. धाकट्या भावाचं कॉलेज, बहिणीचं लग्न, सगळं त्या एका ‘हो’ला बांधलेलं असतं.

या प्रश्नाने माणसं किती कासावीस होतात, त्याची साक्ष शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात मिळते. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात गोल घट आखतात, त्याभोवती अठरा प्रकारची धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, वर पापड, कुरडई वगैरे. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचं नाही. पहाटे वाघ घराण्यातली मंडळी सरकलेलं धान्य आणि भिजलेली ढेकळं बघून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराजांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ही प्रथा सुरू केली, असं मानतात. दूरदूरचे शेतकरी पहाटे ऐकायला हजर असतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले त्यावर सडकून टीका करतात, आणि रात्रीच्या वाऱ्याने, किड्या-मुंग्यांनी हललेल्या दाण्यांना जूनचा पाऊस कळत नाही, हे खरंच आहे. पण ती गर्दी मूर्खांची नाही. ज्याचं अख्खं वर्ष आभाळाच्या हातात आहे, त्याला कोणीतरी छातीठोकपणे ‘हो’ म्हणावं असं वाटतं.

आणि याच मुलखात याच प्रश्नाला दुसरं उत्तरही आहे. त्यालाही पत्त्यांसारखीच ‘मांडणी’ लागते. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा. गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. आठवडाभरात उघडून कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायला योग्य. कमी असतील तर बियाण्याचं प्रमाण वाढवा, फारच कमी असतील तर बियाणं बदला. पेरणी कधी? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्यावर. कृषी खातं दरवर्षी हेच सांगतं. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि रिसोड तालुक्यात करड्याचं कृषी विज्ञान केंद्र विचारलं तर सांगायला आहेतच.

यानेही शंभर टक्के खात्री मिळत नाही. पुढचा पाऊस कोणाच्या बापाच्या हातात नसतो. पण गोणपाट बियाण्याबद्दल खरं बोलतं. नाही आलं तर ‘परत काढू’ म्हणून कोंब वाढत नाहीत!

तीन डबे

मग टॅरो डिलीट करायचा का? मुळीच नाही. पत्ता काढण्याआधी प्रश्न तीनपैकी कोणत्या डब्यातला आहे ते ठरवा, बस्स.

पहिला डबा: दोन्ही उत्तरं चालणारे प्रश्न. पोहे की उपमा, निळा कुर्ता की पिवळा, वीकेंडला सिनेमा की ट्रेक. बिनधास्त पत्ता काढा आणि ऐका. वाचलेली दहा मिनिटं हाच फायदा.

दुसरा डबा: ज्यांचं उत्तर तुमच्या मनातच आहे असे प्रश्न. तिला फोन करू का? हा प्रोजेक्ट सोडू का? लग्नाला रिसोडला जाऊ का? इथे पत्ता काढा, पण उलटण्याआधी एक क्षण थांबा. आतून काय यावंसं वाटतंय? उलटल्यावर पोटात गोळा आला की सुटलो असं वाटलं? उत्तर तिथे आहे. ‘नाही’ बघून तुम्ही हिरमुसलात, म्हणजे तुम्हाला जायचं होतं. तिकीट काढा!

तिसरा डबा: ज्यांचं उत्तर बाहेर आहे असे प्रश्न. पेरू का? ही गाठ साधी आहे का? नवी कंपनी पगार वेळेवर देते का? तो माझ्याशी खोटं बोलतोय का? याचं उत्तर ना पत्त्यात, ना तुमच्या मनात. ते शेताच्या ओलीत, डॉक्टरच्या तपासणीत, तिथे काम करून आलेल्या माणसाकडे आणि ‘त्या’च्याच तोंडात आहे. तिथे जा, विचारा, मोजा. इथे पत्ता काढलात तर तो तुम्हाला उगाच शांत करेल, आणि ती शांतता महागात पडेल.

काढणारच असाल तर…

* प्रश्न एका ओळीत लिहा. ‘माझं करिअर कसं होईल?’ हा प्रश्न नव्हे, निबंधाचा विषय आहे. ‘या शुक्रवारी अप्रेझलचं बोलू का?’ हा प्रश्न.
* सरळ म्हणजे हो की स्वभाव बघायचा, ते आधी ठरवा. पत्ता बघून नियम बदलणं म्हणजे चीटिंग.
* एक प्रश्न, एकच पत्ता. परत काढावासा वाटला तर समजा, तुमचं उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे.
* दुसऱ्याच्या मनातलं पत्त्याला विचारू नका. त्यासाठी फोन आहे.
* मृत्यूचं कार्ड आलं म्हणून हबकू नका. टॅरोवाले स्वतःच त्याचा अर्थ ‘एक टप्पा संपणं’ असा सांगतात.
* पत्त्यानंतर कोणी महागडा खडा, पूजा किंवा ‘स्पेशल सेशन’ गळ्यात मारू लागलं, तर तिथूनच रामराम ठोका.
* दिवसाला चार-पाचदा पत्ता काढल्याशिवाय पाऊल उचलवत नसेल, तर मामला पत्त्याचा राहिलेला नाही. जवळच्या माणसाशी बोला, गरज वाटली तर समुपदेशकाशी बोला. त्यात लाज कसली?

तर पुढच्या वेळी लंच टाइमला कोणी मोबाइल पुढे केला की खुशाल बोट ठेवा. सूर्य आला तर हसा, मनोरा कोसळला तरी हसा. बाबांचा फोन आला, तर मात्र मोबाइल कानाला लावून एवढंच विचारा, ‘बाबा, गोणपाटावर किती उगवले?’